रोज सकाळी एक तक्रार

‘ठीक आहे’ हे दोन शब्द आमच्यात सहा दिवस बंद होते.

पहिल्या सकाळी आमच्या होड्या, म्हणजे वल्हवायचे अरुंद कयाक, अजून वाळूवरच होत्या, तेव्हा आमची म्होरकी असलेल्या ताईनं आम्हाला गोल उभं केलं आणि नियम सांगितला. रोज निघण्याआधी प्रत्येकानं एक तक्रार करायची. अंगाची करा, सामानाची करा, रात्री कोण घोरलं त्याची करा. पण एक तरी झालीच पाहिजे. “आणि ‘ठीक आहे’ म्हणायचं नाही. पाण्यावर मला सगळ्यात जड जातो तो ठीक आहे म्हणणारा माणूस.”

आम्ही हसलो. मग एकेकानं सुरुवात केली. काकांचा गुडघा. दोघा भावांना भूक लागली होती, खाऊन अर्धा तासही झाला नव्हता. नवरा-बायको दोनजणांच्या होडीत बसणार होते. त्यांनी एकमेकांची तक्रार केली आणि दोन्ही मंजूर झाल्या. (दोघांच्या कयाकला कयाकवाले गमतीनं ‘घटस्फोटाची होडी’ म्हणतात. मागच्याचं वल्हं पुढच्याच्या वल्ह्यावर आपटतं आणि चूक कुणाची हे ठरवायला अख्खा दिवस हाताशी असतो.) सगळ्यांच्या मागून येणारा, ज्याला दुपारपर्यंत आम्ही ‘शेपूट’ म्हणायला लागलो, तो म्हणाला, “पाठ.” एवढंच. मी म्हणाले, “माझी पिशवी कप्प्यात जात नाहीये.” तक्रार खरी होती. पण सोपी होती म्हणून केली, हेही खरं.

आठ माणसं, सात होड्या, सहा दिवस आणि मध्ये कुठेही रस्ता न उतरणारा किनारा. नकाशावर हा किनारा बोटभर दिसतो. कडे, कड्यांच्या मध्ये मुठीएवढ्या पुळणी, पुन्हा कडे. म्हणजे दमलो, कंटाळलो किंवा पोटात कळ आली म्हणून वाटेल तिथे उतरता येत नाही. पुढची पुळण येईपर्यंत बसल्या जागी बसायचं, आणि तिथे लाट फुटत असेल तर त्याच्या पुढच्या पुळणीपर्यंत.

समुद्री कयाक साधारण पाच मीटर लांब आणि साठ सेंटिमीटरहूनही अरुंद. पुढे-मागे एकेक बंद कप्पा, आणि त्यांची झाकणं मोठ्या ताटलीएवढी. सहा दिवसांचा संसार त्या भोकातून आत घालायचा. रुंद पिशवी अडते, लांबट सुरळीसारखी सरकते. जड सामान बुडाशी, आपल्या बैठकीच्या जितकं जवळ ठेवता येईल तितकं. हलकं, म्हणजे झोपण्याची पिशवी, कपडे, ते टोकांना. सगळ्यात जड पाणी. माणशी रोज चार लिटर धरलं तर सहा दिवसांचं चोवीस किलो होतं. तिसऱ्या मुक्कामाला ओढा होता म्हणून निम्म्यावर भागलं. मी एक जाडजूड पुस्तकही आणलं होतं. ताईनं ते हातात घेऊन वजन केलं, काही न बोलता परत दिलं आणि दुसरीकडे बघायला लागली. पुस्तक किनाऱ्यावरच्या गाडीत राहिलं.

मग पाण्यात पडण्याची तालीम. कमरेभोवतीचा पडदा होडीच्या तोंडावर ताणून बसवायचा, होडी मुद्दाम उलटवायची, पाण्याखाली डोकं खाली पाय वर अशा अवस्थेत पडद्याची दोरी चाचपायची, ओढायची आणि बाहेर यायचं. सांगायला सोपं. पाणी गार होतं आणि पहिल्यांदा वर आल्यावर माझा श्वास माझा राहिला नव्हता, नुसते हुंदके. ताईनं तेव्हाच हिशेब सांगितला: गार पाण्यात पडल्यावर पहिलं एक मिनिट श्वास ताब्यात आणायला, पुढची दहा मिनिटं हातपाय कामाचे, आणि अंग गारठून शुद्ध हरपायला साधारण एक तास. “म्हणजे मरायला घाई नाही,” ती म्हणाली, “पण दोरी धरायला बोटं चालतात तोवर होडीत परत यायचं. आणि एकट्यानं ते फार अवघड आहे.” दुसरी होडी आडवी लावायची, उलटलेल्या होडीचं टोक तिच्यावर ओढून पाणी ओतून काढायचं, मग ती सरळ करून घट्ट धरायची आणि पडलेल्यानं मागच्या बाजूनं सरपटत वर चढायचं. सरावानं दोन-तीन मिनिटांत होतं. मला पहिल्या वेळी सहा लागली. मी होडीवर पालथी पडून होते आणि काका माझी होडी कवटाळून मला म्हणत होते, “सावकाश, सावकाश, मला कुठे जायचंय?”

घोळक्यानं वल्हवण्याचा एक त्रास आहे, ज्यांनी डोंगर चढले असतील त्यांना तो लगेच कळेल. चपळ लोक पुढे जातात, थांबतात, पाणी पितात, फोटो काढतात. मागचा धापा टाकत पोहोचतो, तेवढ्यात ते म्हणतात, “चला, आले सगळे!” विश्रांती ज्याला हवी त्याला कधीच मिळत नाही. ताईनं यावर साधा उपाय केला. सगळ्यात हळू माणूस तिच्या लगेच मागे. त्याच्या मागे बाकीचे, एकमेकांची हाक ऐकू येईल इतक्या अंतरावर. शेवटी शेपूट. वल्हं उभं धरलं की माझ्याकडे या, आडवं धरलं की जिथे आहात तिथेच थांबा. वाऱ्यात आवाज पोहोचत नाही तेव्हा हेच बोलणं.

पहिल्या दिवशी ताईनं मला दुसरा नंबर दिला तेव्हा मला वाटलं, माझं वल्हवणं तिला आवडलं. ही समजूत मी जवळजवळ दीड दिवस जपली.

दुसरा दिवस सोन्यासारखा होता. कातळावर पंख पसरून पाणकावळे वाळत बसलेले, कड्याच्या पायथ्याशी गुहा, आत शिरलं की लाटेचा श्वास कानात. मी जीव तोडून वल्हवत होते. ताईनं मागे वळून दोनदा सांगितलं, “मूठ सैल सोड. वल्हं हातानं मारायचं नाही, कमरेनं मारायचं. बोटं उघडली तरी चालतील.” मी मान डोलावली आणि पुन्हा मूठ आवळली. भीती वाटली की माणूस हातात असेल ते घट्ट धरतो, त्याला कोण काय करणार! दुपारी उजव्या मनगटात बारीक चमक आली. संध्याकाळी तंबूचा खिळा ठोकताना मनगट वळलं तेव्हा आतून करकर असा आवाज आला, नव्या चपलेसारखा. मी अंधारात दुसऱ्या हाताचा अंगठा तिथे ठेवून पुन्हा मनगट हलवून पाहिलं. करकर बोटाला लागत होती.

त्याच संध्याकाळी ताईनं काठीनं वाळूवर बारा रेघा ओढल्या. दुसऱ्या दिवशी एक मोठं भूशिर ओलांडायचं होतं. ओहोटीपासून भरतीपर्यंत साधारण सहा तास. जितकं पाणी चढणार आहे त्याचे बारा हिस्से केले, तर पहिल्या तासात एक हिस्सा चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात पुन्हा दोन, सहाव्यात एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी हलतं. उतरतानाही तसंच. आणि भूशिरापाशी सगळा प्रवाह त्या टोकाला वळसा घालायला धावतो, त्यामुळे उघड्या समुद्रात जो प्रवाह जाणवतही नाही तो तिथे नदीसारखा होतो. त्यातून अमावास्या दोन दिवसांवर आलेली. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाण असतं, पाणी जास्त चढतं, जास्त उतरतं, आणि तेही तेवढ्याच वेळात. “आपण टोकाला सव्वाअकराला पोहोचायचं. तेव्हा पाणी भरून थबकलेलं असेल. बाराच्या पुढे मला तिथे कुणी नको. ओहोटी एका बाजूनं सुरू होईल, वारा दुसऱ्या बाजूनं येईल, आणि दोघांची समोरासमोर गाठ पडली की लाटा उंच नसल्या तरी उभ्या होतात.”

सोळा किलोमीटर. ताशी पाचच्या वेगानं सव्वातीन तास. पावणेआठला निघायचं म्हणजे मध्ये थोडा श्वास घ्यायलाही वेळ.

सकाळी तक्रारींचा फेरा झाला. काकांचा गुडघा, भावांची भूक, नवरा-बायकोचं एकमेकांच्या वल्ह्याविषयी. शेपूट म्हणाला, “पाठ.” माझी पाळी आली. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आपल्याकडे म्हणतात; माझी मूठ तर अक्षरशः झाकलेली होती, जाकिटाच्या बाहीत. मी म्हणाले, “डास फार होते.”

त्या पुळणीवर एकही डास नव्हता.

का म्हणाले? आता विचार करते तेव्हा एवढंच सापडतं, की मला कुणाचा खोळंबा व्हायचं नव्हतं. आठांतली सगळ्यात हळू मी आहे हे तोवर मला कळलं होतं. त्यात वर दुखणं सांगितलं असतं तर कुणीतरी माझं ओझं घेतलं असतं, कुणीतरी मागे बघत राहिलं असतं. हे सगळं टाळायला मी गप्प बसले. खोळंबा व्हायचा तो झालाच, फक्त कुणाला आधी कल्पना नव्हती.

तासाभरात माझा वेग पडला. करकर आता कोपरापर्यंत गेली होती. मी डाव्या हातानं ओढून उजव्याला नुसता धरायला लावत होते, त्यामुळे होडी सारखी एका बाजूला वळायची आणि ती सरळ करण्यात निम्मी ताकद जायची. ताईनं दोनदा विचारलं. दोन्ही वेळा माझ्या तोंडून ते बंदी असलेले शब्द निघणार होते; मी “येतेय” म्हणाले, म्हणजे तेच. सव्वाअकराला टोक समोर दिसत होतं, पण समोर दिसणं आणि पोहोचणं यात समुद्रावर बराच फरक असतो. पोहोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. जमीन तापून समुद्रावरचा वारा सुरू झाला होता, लाटांच्या माथ्यावर पांढरे शेंडे दिसायला लागले होते.

भूशिराच्या कड्यावर आपटून लाटा परत येत होत्या. येणारी आणि परतणारी लाट एकमेकींत शिरल्या की पाणी पुढे-मागे जात नाही, जागच्या जागी उसळतं. खालून कुणीतरी धक्के दिल्यासारखं. माझी होडी एका उसळीवर चढली, टोक हवेत गेलं, आणि मी वल्ह्याचा टेकू द्यायला उजवा हात दाबला. हातानं नकार दिला. बोटं उघडली. वल्हं सुटलं नाही, कारण डाव्या हातात होतं, पण त्या क्षणी मला जे कळलं ते अजून आठवतं: पुढचा टेकू उजवीकडे लागला तर तो नाही.

तेव्हा मी ओरडले, “माझा हात गेला!” जवळजवळ चोवीस तास उशिरा केलेली तक्रार.

पुढचं इतक्या शांतपणे झालं की मला नंतर आश्चर्य वाटलं. ताईनं वल्हं आडवं धरलं. काका कुठून आले कळलं नाही, माझ्या डाव्या अंगाला चिकटले आणि म्हणाले, “माझ्या होडीच्या दोरीला धर. अंग माझ्यावर टाक. टाक म्हणतो ना!” दोन होड्या एकमेकींना धरल्या की त्या उलटत नाहीत, हे पहिल्या दिवशी शिकवलं होतं, पण अंगानं शिकायचं तेव्हा शिकले. दोघा भावांना ताईनं एकामागे एक जुंपलं. धाकट्यानं कमरेच्या पट्ट्यातली दोरी काढून आकडा माझ्या होडीच्या नाकाच्या दोरीत अडकवला, थोरला त्याच्या पुढे. नवरा-बायको त्या सगळ्या वेळात एक शब्दही न भांडता ताईच्या मागे एका तालात वल्हवत होते.

दोरी पिवळी होती. पाण्यावर तरंगायची, मग ताणली की थरथरत वर यायची आणि तिच्यावरचे थेंब ओळीनं सुटून पडायचे. मग सैल. मग पुन्हा ताण, आणि माझ्या होडीला पुढून हलका हिसका. चाळीस मिनिटं मी ती दोरी बघत होते. काकांच्या होडीची दोरी धरलेल्या डाव्या हाताला खरचटलं, ते मला संध्याकाळी दिसलं. दोघा भावांच्या पाठी समोर वाकत-उठत होत्या. तोवर ही पोरं मला जरा उथळ वाटायची. सारखी पुढे पळणारी, सारखी खाणारी. त्यांना भूक का लागत असेल हे तेव्हा समजलं.

पलीकडे कड्याची सावली लागली आणि पाणी असं निवलं, जणू काही झालंच नव्हतं.

संध्याकाळी ताई माझं मनगट पट्टीनं बांधत होती. “कधीपासून?”

“काल दुपारपासून.”

तिनं बोटांवर मोजलं. “रात्री सांगितलं असतंस तर सकाळीच तुझं सामान वाटून घेतलं असतं, वल्हं बदललं असतं, अर्धा तास लवकर निघालो असतो. अकराला टोक ओलांडून इथे भात शिजवत असतो.” एवढंच. ओरडली असती तर बरं झालं असतं. “डास,” ती पट्टी फाडताना म्हणाली, आणि पहिल्यांदा हसली.

त्या रात्री तंबू लावताना सगळ्यांनी वाळूवरची शेवाळाची रेघ शोधली. मागच्या भरतीचं पाणी जिथवर आलं असतं तिथे वाळकं शेवाळ, काटक्या, पिसं अशी एक मळकट ओळ राहते. पण उधाणाच्या दिवसांत त्या ओळीवर विसंबायचं नाही. आजची भरती कालच्या वर जाते. म्हणून आम्ही बरंच वर, गवताच्या काठाशी गेलो. जागेची वानवा होती. चार तंबूंचे खिळे एकमेकांत अडकले. होड्या वर ओढून एकीला एक बांधल्या आणि शेवटची दोरी खडकाला.

काका रात्री पावणेबाराला उठून पाणी बघायला गेले. त्यांना झोप कमी, म्हणून हे काम त्यांनी मागून घेतलं होतं. मनगटाच्या ठणक्यानं मीही जागी होते, मागोमाग गेले. पाणी सर्वात खालच्या होडीच्या शेपटापासून हातभर अंतरावर थबकलं होतं. काका टॉर्च बंद करून उभे होते. “बघ,” म्हणाले आणि पायानं काठाचं पाणी ढवळलं. निळसर उजेड उठला आणि विझला. पाण्यात एकपेशीय जीव असतात. पाणी हललं की ते क्षणभर चमकतात. हे मला माहीत होतं. पण माहीत असणं बाजूला पडलं आणि आम्ही दोघं, एक साठीपार आणि एक चाळिशीपार, अमावास्येच्या काळोखात बराच वेळ पाण्यात पाय आपटत उभे राहिलो. परतताना काका म्हणाले, “गुडघा दुखतोय हे मी रोज सांगतो, पण खरं सांगू? दुखत नाही. सवयीनं सांगतो. दुखेल तेव्हा सांगायला लाज वाटू नये म्हणून.”

चौथा दिवस वाऱ्यानं खाल्ला. निघणं शक्यच नव्हतं. तंबूत पडून वाऱ्याचा आवाज ऐकायचा, दर दोन तासांनी कुणीतरी उठून समुद्राकडे बघायचं आणि मान हलवत परत यायचं. आठ जणांमध्ये एकच केशरी खुरपं होतं. ते जागेवर नसलं की कुणीतरी झुडपांत गेलंय असं समजायचं. पाण्यापासून साठेक मीटर लांब, वीतभर खड्डा, आणि नंतर बुजवणं. चौथ्या दिवशी त्या खुरप्याला उसंत नव्हती.

त्या दिवशी मी भावांना माझे जुने देव सांगितले. मी कयाककडे वळले ती एकट्यानं गेलेल्या माणसांच्या गोष्टी वाचून. ऑस्कर स्पेक नावाचा जर्मन तरुण १९३२ साली घडीच्या कयाकमधून डॅन्यूब नदीत उतरला. त्याला सायप्रसच्या तांब्याच्या खाणीत काम शोधायचं होतं. तो थांबलाच नाही. वल्हवत, शिडावर, किनाऱ्या-किनाऱ्यानं सात वर्षांनी, १९३९ मध्ये, ऑस्ट्रेलियाला पोहोचला. तोवर महायुद्ध सुरू झालं होतं, आणि जर्मन म्हणून त्याला किनाऱ्यावरच ताब्यात घेतलं गेलं. हॅनेस लिंडेमान हा जर्मन डॉक्टर. त्यानं १९५६ मध्ये तसल्याच घडीच्या होडीतून अटलांटिक ओलांडला, बहात्तर दिवसांत. निघण्याआधी कितीतरी महिने तो स्वतःच्या मनावर ठसवत होता की मला जमेल, पश्चिमेकडे जात राहा. होडी उलटली तेव्हा रात्रभर तिच्या पाठीला धरून राहिला. “त्याला कोण विचारायचं, आजची तक्रार काय?” धाकट्यानं विचारलं. त्यानं चेष्टा केली होती, पण मला उत्तर सुचलं नाही. आणि गिनो वॉटकिन्स. ग्रीनलंडच्या लोकांकडून कयाक शिकलेला, उलटी होडी सफाईनं सुलटी करणारा इंग्रज. ऑगस्ट १९३२ मध्ये एकटाच सीलच्या शिकारीला गेला. होडी सापडली, तो नाही. वय पंचवीस.

मला या गोष्टी इतकी वर्षं एकटेपणाच्याच वाटत आल्या. पण मूळ कयाक कसा व्हायचा बघा. ग्रीनलंडमध्ये वाहून आलेल्या लाकडाचा सांगाडा शिकाऱ्याच्या अंगमापाचा: लांबी त्याच्याच तीन वाव (एक वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावरचं अंतर), बसायच्या जागेची रुंदी कमरेएवढी आणि वर दोन मुठी. दुसऱ्या कुणाला ती होडी बसायची नाही. त्यावर सीलचं कातडं बायका शिवायच्या, पाणी आत येणार नाही असा टाका घालून. म्हणजे होडी एकाच्या मापाची, पण तो पाण्यावर कोरडा राहायचा तो दुसरीच्या सुईवर.

पाचव्या सकाळी वारा पूर्ण पडला. समुद्र असा, की तेल ओतलंय. आभाळ पांढुरकं, पाणी पांढुरकं, मधली रेघ गायब. मनगट पट्टीत, मूठ सैल, सामान भावांच्या होड्यांत. मी मजेत असायला हवं होतं. तासाभरात मला काहीतरी विचित्र व्हायला लागलं. होडी हलत नव्हती तरी ती एका बाजूला कलतेय असं वाटायचं. वल्ह्याचं पातं पाण्याला लागतंय की नाही कळेना. पोटात खड्डा पडला. या वेळी मी मोजलं: दहा श्वास. मग हाक मारली. “ताई, मला कसंतरी होतंय. कारण माहीत नाही.”

ताईनं वल्हं उभं केलं. सातही होड्या एकमेकींना लागल्या, प्रत्येकानं शेजाऱ्याची होडी धरली, आणि माझी धडधड मिनिटभरात उतरली. तिथेच, त्या तराफ्यावर बसून, तिनं सांगितलं. ग्रीनलंडच्या शिकाऱ्यांना हे व्हायचं. वादळात नव्हे; अशाच आरशासारख्या पाण्यावर, उन्हात, एकटे असताना. दिशा सुटायची, होडी भरतेय किंवा बुडतेय असं वाटायचं, हात हलायचे नाहीत. एकोणिसाव्या शतकापासून डॅनिश डॉक्टरांनी याच्या नोंदी केल्या, त्याला कयाकची भोवळ म्हटलं. वाऱ्यानं पाण्यावर तरंग उठला की ती जायची. किंवा दुसरा शिकारी जवळ येऊन होडीला हात लावायचा, तेव्हा. उत्तम शिकारी या भोवळीनं कायमचे किनाऱ्यावर बसले.

“मलाही होत होतं,” थोरला भाऊ म्हणाला. आम्ही सगळे त्याच्याकडे बघायला लागलो. “मला वाटलं, भूक असेल.”

शेवटचा मुक्काम सोडून आम्ही सहाव्या दिवशी दुपारी गाड्या ठेवलेल्या पुळणीसमोर आलो तेव्हा तिथे लाट फुटत होती. फार मोठी नाही, छातीभर. अशा वेळी एकेकानं उतरायचं. आधी ताई, मग ती काठावर उभी राहून वल्हं उभं करणार, तेव्हा पुढचा. लाटा घोळक्यानं येतात. काही मोठ्या, मग थोडी उसंत. त्या उसंतीत, एका लाटेच्या पाठीवर राहून, घुसायचं. पुढे गेलात तर लाट मागून होडी उचलते, आडवी फिरवते आणि वाळूत लोळवते.

काका गेले. भाऊ गेले. नवरा-बायको गेले, दोघंही ओरडत, पण या वेळी आनंदानं. बाहेर मी आणि शेपूट राहिलो. होड्या वर-खाली होत होत्या. तो सहा दिवसांत माझ्याशी फार तर वीस वाक्यं बोलला असेल.

“पाठ कशी आहे?” मी विचारलं.

“पाठीला काही नाही,” तो म्हणाला. मग थोडा वेळ लाटा मोजत राहिला. “मला उतरायची भीती वाटते. पहिल्यापासून. मागे राहिलं की सगळ्यांचं बघायला मिळतं, म्हणून मागे राहतो. ताईला माहीत आहे. तू आज सांगू नकोस कुणाला.” ताईनं किनाऱ्यावर वल्हं उभं केलं. “जा. आता. मूठ सैल.”

मी गेले. लाटेची पाठ सापडली, सुटली, पुन्हा सापडली. होडीचं पोट वाळूला घासलं तेव्हा काकांनी नाकाची दोरी धरून मला वर ओढलं. मी पडदा काढून उठले, पाय नव्हतेच, पाच तासांनी नसतातच. ताई काही न बोलता बाजूला झाली आणि मला जागा दिली. मी मागे वळून पाण्याच्या काठाशी उभी राहिले, तीन मोठ्या लाटा जाऊ दिल्या, चौथी लहान दिसली, आणि दोन्ही हातांनी वल्हं वर, सरळ उभं धरलं.

तो निघाला. सुरुवात चांगली होती. मग त्यानं मागे वळून बघितलं, बघायला नको होतं, आणि लाटेनं होडीचं शेपूट उचलून तिला आडवी केली. टोपी एकीकडे, वल्हं एकीकडे. गुडघाभर पाण्यात होडी उलटी लोळत आली आणि तिच्या पलीकडून तो उभा राहिला, केसांतून वाळू गळत होती. दोघं भाऊ टोपीमागे धावले. काका पाण्यात शिरले. आम्ही सगळेच शिरलो.

त्यानं तोंडातलं खारं पाणी थुंकलं आणि एक हात वर केला. “ठीक आहे, ठीक आहे.”

आम्ही सातही जण त्याच्यावर एकदम ओरडलो.